बुंध्याभोवतीचा एक मीटर : पुण्यातल्या एका रस्त्याच्या झाडांच्या नोंदी

6 जानेवारी 2024

कर्वे रस्त्यापासून आत वळणारा आमचा रस्ता. आज नुसती मोजणी. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर, वरून तारा जातात का, खोडावर खिळे आणि पाट्या किती. शेवटचा रकाना मी हट्टाने घालायला लावला : बुंध्यापासून सिमेंट किती अंतरावर. संध्याकाळी तक्ता भरून झाला तेव्हा त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य होतं.

रस्त्याचं वय झाडांवरून कळतं. बंगले उठले तेव्हाचे रेन ट्री, त्यानंतरचे गुलमोहर आणि सोनमोहर, बंगल्यांच्या सोसायट्या झाल्या तेव्हाची सप्तपर्णी, आणि अलीकडची, अजून जाळीतच असलेली बकुळ नि ताम्हण. रेन ट्री मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा. यावरून आमच्या गटात लगेच देशी-विदेशीची जुंपली. हा वाद रोपवाटिकेत घालावा, इतकी वर्षं सावली दिलेल्या झाडाखाली उभं राहून घालू नये, असं माझं मत. ते सर्वांना पटलं नाही.

13 जानेवारी

क्रमांक 14. रेन ट्री, घेर 3 मीटर 40 सेंमी. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेले, फटीत सिमेंट. सालीची जाड कड ब्लॉकच्या काठावरून पुढे ओघळली आहे, एका ठिकाणी तर ब्लॉकचा कोपरा सालीत पुरता रुतलाय. शेजारी फूटपाथ वीतभर उचललेला. या झाडाविरुद्धच्या सगळ्या तक्रारी याच उंचवट्याच्या : आजी-आजोबा अडखळतात, झाड काढा.

मूळ जोर लावून फूटपाथ फोडतं असा समज आहे. मुळं हवा आणि ओल असेल तिकडे जातात. खाली दाबून बसवलेला मुरूम, त्यावर काँक्रीट. यात मोकळी जागा उरते ती ब्लॉकखालच्या कचेच्या, म्हणजे बारीक खडीच्या, थरात. मुळं तिथे शिरतात, जाड होतात आणि ब्लॉक वर येतो. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. खोल सोटमुळावर उभं असलेलं शाळेच्या पुस्तकातलं झाड शहरात फारसं भेटत नाही.

याच झाडावर क्लासची पाटी, 'पीजी मिळेल', केबलची तार आणि तिच्यावर वाढलेली साल. 2018 मध्ये 'आंघोळीची गोळी' या संस्थेने पुण्यातून खिळेमुक्त झाडांची मोहीम सुरू केली, तेव्हा या रस्त्यावरचेही खिळे निघाले होते. पुन्हा आले. खिळा सरळ बाहेर ओढायचा, हलवून जखम मोठी करायची नाही. सालीने गिळलेला असेल तर राहू द्यायचा. खिळ्याने झाड सहसा मरत नाही. गुंडाळलेल्या तारेने मरतं, कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं आणि तार नेमकी तीच वाट आवळते. म्हणून आधी तारा.

2 फेब्रुवारी

आजचा दिवस महापालिकेच्या कार्यालयांचा. झाड उद्यान विभागाचं. त्याच्या बुंध्याभोवतीचा फूटपाथ पथ विभागाचा. फूटपाथखालची नळी पाणीपुरवठ्याची, तिच्या पलीकडची मलनिस्सारणची, दिव्याचा खांब विद्युत विभागाचा, वरच्या तारा महावितरणच्या. प्रत्येकाचं काम वेगळ्या निविदेतून, वेगळ्या महिन्यात. बुंध्यालगतचा तो एक मीटर सगळ्यांच्या नकाशात आहे आणि कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

कायद्याकडे पाहिलं तर तो झाडाच्या बाजूने उभा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. तोडायला परवानगी, छाटायला परवानगी, आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी वृक्षगणना. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला, आणि झाड तोडलं तर त्याचं वय जितकं तितकी झाडं लावायची हा नियम आणला. उत्तम. पण हा सगळा पहारा कुऱ्हाडीवर आहे. काँक्रीट मिक्सर घेऊन आलेला माणूस झाड तोडत नाही, त्यामुळे त्याला कोणी परवानगी विचारत नाही.

दिल्लीत मात्र राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली स्पष्ट आदेश दिला : झाडाभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा. तो कागद आम्ही बुंध्यांभोवतीचं काँक्रीट काढण्याच्या आमच्या अर्जाला जोडला. उद्यानमधले साहेब म्हणाले, "आमची हरकत कशाला असेल? पण फूटपाथ पथवाल्यांचा, तो फोडायला त्यांची सही आणा." पथमधले म्हणाले, "झाडाजवळ काम आहे ना, मग उद्यानचं पत्र लावा." दोघांनीही चहा पाजला. दोघांचंही बरोबर होतं.

टेबलावर वाट पाहताना मुंबईचे आकडे काढून बसलो. तिथल्या वृक्षगणनेत एकूण झाडं 29 लाख 75 हजार. त्यातली रस्त्याकडेची जेमतेम 1 लाख 86 हजार. म्हणजे शंभरात सहा. खासगी आवारातली झाडं कितीतरी जास्त आहेत, पण पादचाऱ्याच्या डोक्यावर येते ती या सहांची सावली. केबल, गटार, मेट्रो, रुंदीकरण, बॅनर, सगळं येतं तेही यांच्याच वाट्याला.

20 फेब्रुवारी

रेन ट्रीची पानगळ चालू. कोवळ्या फांद्यांवर पांढरा पिंजलेला कापूस दिसतो का ते दुर्बिणीतून पाहिलं. मुंबईत पिठ्या ढेकूण या किडीने मोठमोठे रेन ट्री वाळून गेलेत, त्यामुळे धास्ती आहे. सध्या तरी नाही.

9 मार्च

दोन्ही पत्रं हातात आली आणि पहिल्यांदा घण पडला. सुरुवात 14 पासून.

पद्धत आधी ठरवली होती. बाहेरच्या कडेने ब्रेकर, बुंध्यापासून दोन फुटांच्या आत आलं की ब्रेकर बंद, पुढे छिन्नी-हातोडा आणि हात. ब्रेकरवाल्याला हे पटेना. "साहेब, पाच मिनिटांचं काम आहे, छिन्नीने दिवस जाईल." दिवस गेला. ब्लॉक निघाला, खाली कच, कचेखाली चार इंच काँक्रीट. त्याचा पहिला तुकडा पहारीने उचलला तर खालच्या बाजूला मुळांची जाळी चिकटून आली, दाट, पांढरट-तांबूस, काँक्रीटच्या प्रत्येक खाचखळग्याचा ठसा घेतलेली. ब्रेकर तिथपर्यंत नेला असता तर ती सगळी चिरडली असती. ब्रेकरवाला खाली बसला, दोन बोटांनी ती जाळी बाजूला केली आणि त्यानंतर छिन्नी त्यानेच मागून घेतली.

खालची माती राखाडी, कोरडी, दगडासारखी घट्ट. कुदळ मारायची नाही, कारण मुळं वरच आहेत. हातकाट्याने वरचे दोन बोटं सैल केली, शेणखत आणि कुजलेला पाला पसरला, पाणी सोडलं. पाणी बराच वेळ तसंच उभं राहिलं, मग हळूहळू बुडबुडे यायला लागले.

खोड जमिनीत शिरताना जिथे रुंदावतं तो भाग उघडा राहिला पाहिजे. उत्साही मंडळींनी घमेली भरभरून लाल माती आणून बुंध्याशी ढीग घातला होता, तो काढायला लावला. ओली माती खोडाला टेकली की साल कुजते. लोकांना बुंध्याशी मातीचा डोंगर आणि त्याला चुना-गेरूचा पट्टा दिसला की झाडाची सेवा झाली असं वाटतं. गेरूला हरकत नाही.

16 मार्च

लोकसभेची आचारसंहिता लागली. नवी कामं बंद, आमचं 'चालू काम' म्हणून वाचलं. एक गंमत : झाडांवरचे शुभेच्छांचे सगळे फ्लेक्स उतरले. आम्ही शिडी लावून महिनोन् महिने जे केलं असतं ते पथकाने एका फेरीत केलं. दोऱ्या मात्र झाडांवरच राहिल्या, त्या आम्ही कापल्या.

6 एप्रिल

पाण्याचा हिशेब. मोठ्या झाडांना आठवड्याला एकदा पण भरपूर, नव्या रोपांना दिवसाआड. टँकर सोसायट्या वाटून घेतात, सांडपाणी प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी चालतं. वर्गणीच्या वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसते : रोपं लावायला पैसे मागितले तर लगेच येतात, टँकरला मागितले की "पुढच्या महिन्यात बघू". झाड लावणाऱ्याला फोटो मिळतो, पाणी घालणाऱ्याला बिल.

पाल्याचं काम मार्गी लागतंय. रस्ता झाडणाऱ्या मावशींशी बोललो. पाला जाळला की ओरडा त्यांनाच खावा लागतो, आणि उचलून न्यायला गाडी नसते. उघड्यावर जाळण्याला हरित लवादाने 2016 मध्ये 5,000 रुपये दंड ठरवला आहे, पण दंडाची पावती पाल्याला जागा देत नाही. कोपऱ्यावरच्या बागेत जाळीचे दोन उभे पिंजरे केले. मावशी पाला तिथे टाकतात, पावसाळ्यात कुजतो, पुढच्या जानेवारीत आळ्यांत जाईल. प्लॅस्टिक आणि गुटख्याच्या पुड्या वेचून वेगळ्या करणं हे त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि ते टळत नाही.

11 मे

पावसाळ्यापूर्वीची छाटणी. ट्रक, शिडी, इलेक्ट्रिक करवत, चार माणसं आणि मुकादम. मुकादमांनी बरीच वर्षं हेच काम केलंय.

आधी वाद झाला. तारांच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी कापल्या जातात, बंगल्याच्या बाजूच्या तशाच राहतात. सगळा भार एका अंगाला. क्रमांक 9 चा सोनमोहर असाच फूटपाथकडे कलंडलेला. मी म्हटलं, दोन्हीकडून थोडं हलकं करा. मुकादम म्हणाले, "कागदावर तारांची बाजू लिहिलीय. दुसरीकडची फांदी कापली आणि कोणी तक्रार केली तर मला कोण सोडवणार?" ते खोटं नाही. उद्यान निरीक्षकांना फोन लावला, त्यांनी येऊन पाहिलं, कागदावर एक ओळ वाढवली.

मग कापाचं. मोठी फांदी एका फटक्यात वरून कापली की खाली कोसळताना खोडाची साल सोलून नेते. आधी खालून अर्धवट काप, खोडापासून फूटभर दूर. मग थोडं पुढे वरून, फांदी सुटते. उरलेला खुंट तिसऱ्या कापात. तोही खोडाला घासून नाही, तर फांदीच्या मुळाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेर. त्या कडेतून जखम भरायला सुरुवात होते. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं : झाड जखम बरी करत नाही, तिला आतून भिंत घालून वेगळी पाडतं आणि भोवती नवं लाकूड वाढवतं. कड कापली की भिंत घालायची जागाच जाते.

मुकादमांना तीन काप माहीत होते. "वेळ दिला तर तसंच करतो," म्हणाले. दिवसाला किती झाडं यावर हिशेब असतो, झाडाला किती वेळ यावर नसतो.

कापावर लावायच्या बोर्डो पेस्टवर एकमत नाही. माळीकाकांचा मोरचूद-चुन्यावर गाढ विश्वास, शिगोंच्या मते लेप लावून कूज थांबत नाही. आम्ही काकांना लावू दिलं. योग्य जागी काप घेतलेला असेल तर लेप लावला काय नि न लावला काय.

क्रमांक 17 वर कावळ्याचं घरटं, आत हालचाल. ते झाड सोडलं. छाटणीचा हंगाम आणि कावळ्यांच्या विणीचा हंगाम नेमका एकच येतो. ही कामं डिसेंबर-जानेवारीत करता येतील असं निरीक्षकही म्हणतात. निविदा मात्र उन्हाळ्यात निघते.

9 जून

काल संध्याकाळी पुण्यात ढग फुटल्यासारखा पाऊस. 22 क्रमांकाचा गुलमोहर पडला. रात्रीच अग्निशमन दलाने कापून रस्ता मोकळा केला. एका स्कूटरचा चुराडा झाला, सुदैवाने माणूस नव्हता.

सकाळी लाकूड उचलायच्या आत जाऊन बुंधा पाहिला. हेच मला वर्षभर दाखवायचं होतं, आणि ते असं दाखवायला लागेल असं वाटलं नव्हतं. रस्त्याच्या बाजूची मुळं एका सरळ रेषेत संपलेली. तुटलेली नव्हेत, कापलेली. टोकं काळी, बोटाने दाबली तर भुगा होणारी. म्हणजे काप जुना, काही वर्षांपूर्वीचा. ती रेषा रस्त्याला समांतर जाते आणि तिच्याच खाली चराची भरलेली माती दिसते, विटांचे तुकडे नि नारिंगी नळी. पलीकडच्या बाजूची मुळं शाबूत होती, पण ती ओढून धरत होती त्याला टेका देणारी बाजूच नव्हती. बुंध्याशी एका अंगाला पंख्यासारखी तपकिरी अळंबी. ती आम्ही जानेवारीत नोंदवली होती, "तपासणी हवी" एवढं लिहून.

जमलेल्या लोकांचं म्हणणं : गुलमोहर ठिसूळच, ही झाडं लावायलाच नको होती. गुलमोहराच्या फांद्या मोडतात हे खरं. पण हे झाड मुळापासून उलटलंय. दुपारपर्यंत बातमीत आलं, 'वादळी पावसाने झाड कोसळले'.

बुंध्याचे फोटो मोजपट्टीसह काढले, चराच्या रेषेचे वेगळे. दोन्ही विभागांना पाठवले. पथमधून फोन आला, पहिल्यांदाच त्यांच्याकडून. "हा चर आमच्या कुठल्या कामाचा ते काढतो."

21 जून

वटपौर्णिमा. कोपऱ्यावरच्या वडाला दुपारपर्यंत सुताचे वेढे. सूत कुजतं, त्याची काळजी नाही. नायलॉनचा दोरा सापडला तेवढा सोडवला. बाजारात वडाच्या फांद्या विकायला होत्या, त्या कुठल्या झाडाच्या ते विचारलं तर "गावाकडनं" असं उत्तर.

14 जुलै

22 च्या जागी नवं झाड. वर कमी दाबाच्या तारा आहेत, म्हणून ताम्हण. ताम्हण हे राज्यफूल, त्यामुळे सभेत पटकन मंजूर झालं. मला त्याची बेताची उंची हवी होती.

खड्डा तीन फुटांचा, पण रुंदी खोलीपेक्षा जास्त. जुनी सडकी मुळं आणि विटा काढून टाकल्या. रोपाची पिशवी कापली तर मुळं आत गोल गोल फिरलेली. ती तशीच लावली की पुढे जाड होऊन आपल्याच खोडाला फास लावतात, त्यामुळे उभ्या चिरा देऊन मोकळी केली. बांबू दोन, काथ्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ. लोखंडी जाळीवर देणगीदाराचं नाव झळकतं आणि ती काढायला नंतर कोणी येत नाही, खोड जाळीतूनच वाढतं. म्हणून आमच्या जाळीवर काढायचं वर्ष रंगवलंय : 2027.

25 जुलै

रात्रभर मुसळधार, खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी. आमच्याकडे रस्त्यावर तळं. उघडी केलेली आळी दुपारी पाहिली. 14 मध्ये पाणी मुरलेलं, मार्चमध्ये तेच तास न् तास उभं होतं. यावरून काही मोठा निष्कर्ष काढत नाही. अख्ख्या रस्त्याचं पाणी आळ्यांत मुरणार नाही.

17 सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. मंडळाच्या पोरांशी ऑगस्टमध्येच बोलणं झालं होतं. माळा सुतळीने, खिळा नाही, मांडवाचा खड्डा आळ्याच्या बाहेर. त्यांनी शब्द पाळला. उलट एका आळ्यात कोणीतरी राडारोडा टाकलेला त्यांनीच उचलला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माळा उतरवल्या की नाही हे पाहायचं. दरवर्षी दिवाळीपर्यंत राहतात.

19 ऑक्टोबर

रात्री साडेदहाला इस्त्रीवाल्या काकांचा फोन : "चर खणतायत, लवकर या." फायबर केबलचा ठेकेदार, जेसीबी, परवानगीचा कागद व्यवस्थित. चर 11 पासून 14 च्या दिशेने, बुंध्यापासून हातभर अंतरावर.

यावेळी भांडण झालं नाही, कारण दाखवायला 22 चे फोटो होते. ठेकेदाराचा पोरगा सुपरवायझर, पंचविशीचा. फोटो पाहून म्हणाला, "मग काय करू, सांगा. केबल तर टाकायचीय." ब्रिटनच्या बांधकाम मानकात एक साधा नियम आहे : 25 मिलिमीटरपेक्षा जाड मूळ तज्ज्ञाला विचारल्याशिवाय कापायचं नाही. तो सांगितला. जेसीबी झाडाच्या अलीकडे थांबवला. दोन मजुरांनी हाताने माती काढली, मुळं उघडी केली आणि तीन फूट खालून पहार घालून नळीपुरतं भोक पाडलं. नळी मुळांखालून गेली. उघड्या मुळांवर ओली पोती टाकून रात्रीतच माती लोटली. जेसीबी लावला असता तर अर्ध्या तासात आटपलं असतं. पहाटेचे तीन वाजले. जादा मजुरी आमच्या वर्गणीतून दिली. ती त्याच्या निविदेत असायला हवी होती, आणि निविदा लिहिणाऱ्याला ती लिहायला सांगणं हे आता पुढचं काम.

30 नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान झालं, आचारसंहिता संपली, कार्यालयं पुन्हा कामाला लागली. पथ विभागात बैठक, उद्यानचे निरीक्षकही त्याच टेबलावर. रस्त्याच्या उरलेल्या भागाचा फूटपाथ पुढच्या वर्षी नव्याने होणार आहे. आराखड्याच्या आडव्या छेदात झाड म्हणजे नुसतं एक वर्तुळ होतं, त्याला लागून ब्लॉकची रेषा. त्या वर्तुळाभोवती चौकोन काढून घेतला : 1.2 बाय 1.2 मीटर, आत काँक्रीट नाही, कर्बस्टोन मातीच्या पातळीत म्हणजे पाणी आत येईल. अरुंद जागी फूटपाथची चालायची रुंदी कमी होते अशी रास्त हरकत आली. तिथे चौकोनाऐवजी रस्त्याला समांतर लांबट पट्टा. चराच्या परवान्यात 'झाडापासून 2 मीटरच्या आत यंत्र नाही, हाताने खोदाई' ही अट घालायचं तत्त्वतः मान्य. दरपत्रकात हाताच्या खोदाईचा वेगळा दर धरावा लागेल, तो कोण बसवणार यावर बैठक संपली.

बाकी राहिलेलं : 3, 4 आणि 19 यांचे बुंधे दुकानांच्या रॅम्पखाली आहेत. 19 चा मालक तयार आहे, रॅम्प बाजूला घ्यायचा खर्च अर्धा देतो म्हणाला. 9 च्या सोनमोहराची डिसेंबरमध्ये छाटणी, अर्ज सोमवारी. पाल्याचे पिंजरे भरलेत, तिसरा हवा.